बल समान, दिशा विरुद्ध. मग गाडी हलते कशी?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत झाल्यापासून त्याचं एकच पालुपद चालू आहे. ‘घोडा गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी घोड्याला मागे ओढते. दोन्ही मिळून शून्य. मग गाडी हलायलाच नको. म्हणजे नियम चुकीचा आहे.’ मी म्हटलं, घोड्याचा जोर थोडा जास्त असतो. तर म्हणाला, ‘मग समान कुठे राहिलं?’ मी गप्प बसले. त्यात चाचणीत प्रश्न आला, ‘टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाच्या बाबतीत क्रिया-प्रतिक्रिया बलांची एक जोडी सांगा.’ याने लिहिलं, पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाचं पुस्तकावरचं लंब बल ही प्रतिक्रिया. बाईंनी शून्य गुण दिले. गाइडमध्ये मात्र हेच उत्तर छापलेलं आहे. मी शाळेत जाऊन गुणांबद्दल बोलावं का? आणि अवकाशात हवाच नसते, तर रॉकेट कशावर रेटा देऊन पुढे जातं? हेही त्याने विचारून ठेवलंय.
– नववीतल्या मुलाची आई

उत्तर : शाळेत जरूर जा, पण गुण मागायला जाऊ नका. बाईंचं बरोबर आहे, गाइडचं चूक. का ते पुढे येईलच. आधी घोड्याकडे वळू, कारण मुलाची खरी अडचण तिथे आहे आणि ती सुटली की पुस्तकाला फार वेळ लागणार नाही.

ही शंका येणारी मुलं मला आवडतात. नियम नुसता पाठ करणाऱ्याला ती येत नाही. नियम खरा मानून चार पावलं पुढे चालून बघणाऱ्यालाच येते. गंमत म्हणजे न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात हा नियम मांडला, तेव्हा त्याखालच्या उदाहरणांतही घोडाच होता. घोडा दोराने बांधलेला दगड ओढतो, तेव्हा दगडही घोड्याला तेवढंच मागे ओढतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. नियमाच्या कर्त्याला घोडा अडचणीचा वाटला नव्हता, उलट सोयीचा वाटला होता. तेव्हा ‘घोड्याचा जोर थोडा जास्त असतो’ हे तुमचं उत्तर आधी मागे घ्या. दोघांची एकमेकांवरची ओढ अगदी समान असते. गाडी उभी असताना समान, वेग घेताना समान, चिखलात रुतली असतानाही समान. या नियमात सवलत नाही.

मुलाची चूक आहे ती ‘दोन्ही मिळून शून्य’ या तीन शब्दांत. बेरीज करण्याआधी ही बलं कोणाकोणावर लागली आहेत, हे त्याने पाहिलंच नाही. पुढची ओढ गाडीवर आहे. मागची ओढ घोड्यावर आहे. तुमच्या खात्यात हजार जमा झाले आणि शेजाऱ्यांच्या खात्यातून हजार गेले, म्हणून तुमची शिल्लक शून्य झाली असं कोणतीही बँक म्हणणार नाही. गाडी हलेल की नाही हे ठरवताना फक्त गाडीवरची बलं मोजायची. घोड्यावर काय लागलं आहे, याचा त्या हिशेबात काही संबंध नाही.

आता दोघांचे हिशेब वेगवेगळे मांडू. गाडीवर पुढच्या दिशेने घोड्याची ओढ आहे आणि मागच्या दिशेने घर्षण. ओढ घर्षणापेक्षा जास्त झाली की गाडी वेग घेते. बस, गाडीचं एवढंच. घोड्यावर मागच्या दिशेने गाडीची ओढ आहे. पुढच्या दिशेने काय आहे? इथे बहुतेक मुलं अडतात, कारण त्यांच्या डोक्यातल्या चित्रात घोडा आणि गाडी दोनच पात्रं असतात. तिसरं पात्र राहून जातं, ते म्हणजे जमीन. घोडा खुरांनी जमिनीला मागे रेटतो आणि जमीन घोड्याला तेवढंच पुढे रेटते. घोड्याला पुढे नेणारं बल जमिनीचं असतं. तोच घोडा, तेवढ्याच ताकदीचा, गुळगुळीत बर्फावर उभा करा. पाय नुसते घसरतील आणि गाडी जागची हलणार नाही. स्नायू तेच, फक्त जमिनीचा रेटा गेला.

मुलाला आकडे आवडत असतील तर हे गणित त्याच्यासमोर ठेवा. घोडा ५०० किलोग्रॅम, गाडी ३०० किलोग्रॅम, गाडीला होणारं घर्षण १०० न्यूटन, आणि दोघं ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने, म्हणजे वेग वाढण्याच्या दराने, निघाले आहेत. गाडीला हे त्वरण द्यायला ३०० गुणिले ०.५, म्हणजे १५० न्यूटन निव्वळ बल लागेल. घर्षणाचे १०० त्यात मिळवले की घोड्याची ओढ २५० न्यूटन निघते. तिसऱ्या नियमाने गाडीची घोड्यावरची मागची ओढही २५०, एक न्यूटन इकडे नाही की तिकडे नाही. घोड्याला त्याच त्वरणासाठी ५०० गुणिले ०.५, म्हणजे २५० न्यूटन निव्वळ हवेत. गाडी त्याला २५० न्यूटनने मागे ओढतेच आहे, तेव्हा जमिनीने त्याला ५०० न्यूटनने पुढे रेटलं पाहिजे. नियमही पाळला गेला आणि गाडीही निघाली.

इथे थोडं थांबावं असं मला वाटतं, कारण मुलाच्या म्हणण्यातही एक खरा धागा आहे आणि तो टाकून देऊ नये. घोडा आणि गाडी मिळून एकच वस्तू मानली, तर तिचं वस्तुमान ८०० किलोग्रॅम. बाहेरून तिच्यावर जमिनीचे ५०० न्यूटन पुढे आणि घर्षणाचे १०० मागे, निव्वळ ४००. आणि ८०० गुणिले ०.५ बरोबर ४००. जुळलं! पण या हिशेबात ती २५०-२५० ची जोडी कुठेच आली नाही. दोन्ही बलं आता एकाच वस्तूच्या आतली झाली आणि म्हणून तिथे ती खरोखरच मिळून शून्य होतात. म्हणजे मुलाने जे केलं ते संपूर्ण जोडीसाठी बरोबर होतं; मग तिथून त्याने एकट्या गाडीचा निष्कर्ष काढला, तिथे घसरला. आतल्या बलांनी अख्खी जोडी कधी पुढे सरकत नाही, हे त्याने नकळत शोधलेलं आहे. चालत्या गाडीत बसून समोरच्या काचेला आतून ढकललं तर गाडीचा वेग वाढत नाही, त्याचं कारण हेच.

हा गोंधळ कायमचा टाळायचा असेल तर एक सवय लावा. बलाचं नुसतं नाव घ्यायचं नाही; प्रत्येक बल पूर्ण वाक्यात सांगायचं आणि वाक्यात दोन नावं असलीच पाहिजेत, कोण आणि कोणाला. ‘घोडा गाडीला पुढे ओढतो.’ जोडीदार शोधायचा असेल तर नावांची अदलाबदल करायची आणि दिशा उलटी करायची : ‘गाडी घोड्याला मागे ओढते.’ क्रियापद बदलायचं नाही. ओढण्याचा जोडीदार ओढणं, रेटण्याचा जोडीदार रेटणं, गुरुत्वाकर्षणाचा जोडीदार गुरुत्वाकर्षणच. आणि वस्तूची गती काढायची असेल तर ज्या ज्या वाक्यांत ‘गाडीला’ आलं आहे तेवढीच वाक्यं उचलायची. मोठमोठ्या व्याख्या लिहून घेण्यापेक्षा ही कसरत दहा उदाहरणांवर केली तर जास्त उपयोग होतो, असं माझं ठाम मत आहे. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात’ एवढ्या अर्धवट वाक्यावर नियम संपवला जातो आणि ‘वेगवेगळ्या वस्तूंवर’ हे सांगायचं राहतं. सगळं रामायण तिथून सुरू होतं.

दुसरी एक समजूत मुलांच्या मनात असते : आधी क्रिया होते, मग थोड्या वेळाने प्रतिक्रिया येते, जणू चिमटा काढल्यावर कोणी ओरडावं तशी. तसं काही नसतं. दोन्ही बलं एकाच क्षणी सुरू होतात, एकाच क्षणी संपतात आणि कोणाला क्रिया म्हणायचं हे आपल्या मर्जीवर आहे. घरात चाकांच्या दोन खुर्च्या असतील तर करून बघा. गुळगुळीत फरशीवर समोरासमोर बसा, पाय वर उचला, तळहात तळहातांना टेकवा. आता फक्त तुम्ही ढकला. मुलाने हात नुसते ताठ धरायचे. दोघंही मागे जाल. तुम्ही ६० किलोग्रॅमच्या आणि तो ४० चा असेल, आणि तुम्ही १२० न्यूटनचं बल लावलं, तर घर्षण सोडून देऊन त्याचं त्वरण ३ आणि तुमचं २ मीटर प्रति सेकंद वर्ग येईल. बल दोघांना सारखंच. वस्तुमान वेगळं म्हणून परिणाम वेगळा. मग त्याला ढकलू द्या आणि तुम्ही हात ताठ धरा. चित्र तेच दिसेल.

याच कारणाने ट्रकच्या काचेवर माशी आपटते तेव्हा दोघांवरचं बल समान असूनही ट्रकला त्याचा पत्ता लागत नाही. पेन्सिल हातातून पडते तेव्हा पृथ्वीही पेन्सिलकडे ओढली जाते. पृथ्वीचं वस्तुमान जवळपास ६ गुणिले १० चा २४ वा घात किलोग्रॅम. एक किलोग्रॅमची वस्तू मीटरभर उंचीवरून पडेपर्यंत पृथ्वी जेवढी वर सरकते ते अंतर अणुकेंद्रकाच्या व्यासाच्या एक अब्जांशाहूनही कमी भरतं. त्यामुळे ‘पृथ्वी हलताना दिसत नाही’ ही मुलाची तक्रार चूक आहे, असं मी म्हणणार नाही. पण समोरची वस्तू चंद्राएवढी असेल तर ते हलणं मोजण्याजोगं होतं. चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एक्याऐंशीव्या भागाइतकं आहे. दोघंही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात आणि तो बिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर, पृथ्वीच्या पोटातच आहे. चंद्राच्या ओढीने पृथ्वी दर महिन्याला त्या बिंदूभोवती एक फेरी घालते.

ओढाओढीचा आणखी एक प्रश्न त्याला घालून बघा, चांगले विद्यार्थीही त्यात सापडतात. एका ताणकाट्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधल्या, त्या दोन कप्प्यांवरून खाली सोडल्या आणि प्रत्येक दोरीला एक किलोग्रॅमचं वजन टांगलं. काटा किती दाखवेल? शून्य, असं एक उत्तर येतं. दोन, असं दुसरं येतं. खरं उत्तर एक. काटा छताला टांगून खाली एकच वजन लावलं तरी छत त्याला वर तेवढंच ओढत असतं. फरक इतकाच की छताऐवजी आता दुसरं वजन ते काम करतं. सतराव्या शतकात जर्मनीत ओटो फॉन गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपून ते ओढायला लावले. हवेच्या दाबाचा तो प्रयोग प्रसिद्धच आहे. पण एका बाजूचे आठ घोडे सोडून ती साखळी एखाद्या भक्कम झाडाला बांधली असती, तरी अर्धगोलांवरचा ताण तेवढाच राहिला असता. अर्थात, प्रेक्षकांना सोळा घोडे बघण्यात जी मजा आली असेल ती झाडात आली नसती.

आता रॉकेट. तुमच्या मुलाला पडलेला प्रश्न एका मोठ्या वर्तमानपत्रालाही पडला होता. अमेरिकन संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल अशी शक्यता मांडल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जानेवारी १९२० च्या अंकात त्यांची खिल्ली उडवली. निर्वातात रेटा द्यायला काही नसतं आणि शाळेत शिकवलं जातं एवढंही या प्राध्यापकांना माहीत नाही, असा सूर होता. वर्तमानपत्राने ही चूक मान्य केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गोडार्ड तेव्हा हयात नव्हते.

चूक कुठे होती ते दोन नावांच्या वाक्यात टाकून बघा. ‘रॉकेट जळलेल्या वायूला मागे ढकलतं.’ उलटं करा : ‘वायू रॉकेटला पुढे ढकलतो.’ झालं. बाहेरच्या हवेचं नाव कुठेच आलं नाही. रॉकेट ज्यावर रेटा देतं ती गोष्ट ते स्वतःच्या पोटात घेऊन निघतं, तेच त्याचं इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिडक. घोड्याला जमीन लागते, होडीला पाणी लागतं, रॉकेटला यातलं काही नको. हवा असली तर उलट ती वाटेत अडथळाच करते. निर्वातात त्याच इंजिनाला थोडा जास्तच जोर मिळतो. मुलगा म्हणेल, वायू तर हलका असतो, एवढं जड धूड तो कसा ढकलेल? मोठ्या रॉकेटमधून दर सेकंदाला कित्येक टन वायू सेकंदाला दोन-तीन किलोमीटरच्या वेगाने बाहेर पडतो. हलका म्हणायची सोय राहत नाही.

आता चाचणीतलं पुस्तक. त्याच्या उत्तरातली दोन्ही बलं पूर्ण वाक्यात लिहू. ‘पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते.’ ‘टेबल पुस्तकाला वर रेटतं.’ नावं अदलाबदल झाली का? नाही. दोन्ही वाक्यांत ‘पुस्तकाला’ आहे, म्हणजे दोन्ही बलं एकाच वस्तूवर आहेत. क्रियापदही बदललं आहे. तेव्हा ही जोडी होऊच शकत नाही. पहिल्या वाक्याचा खरा जोडीदार ‘पुस्तक पृथ्वीला वर ओढतं’ हा आहे आणि दुसऱ्याचा ‘पुस्तक टेबलाला खाली रेटतं’ हा. एकूण चार बलं, दोन जोड्या.

‘पण ती दोन बलं समान आणि विरुद्ध आहेतच ना?’ असं तो म्हणेल, आणि आहेतच. मात्र तिसऱ्या नियमामुळे नाहीत. पुस्तक स्थिर आहे, म्हणून त्याच्यावरच्या बलांची बेरीज शून्य असली पाहिजे. हे पहिल्या आणि दुसऱ्या नियमाचं काम. दोन वेगळ्या कारणांनी एकच आकडा आला आणि तिथेच गाइड फसलं. हा फरक नुसता शब्दच्छल नाही, वजनकाट्यावर उभं राहून तो बघता येतो. काटा टेबलाशेजारी ठेवा, मुलाला त्यावर उभं करा आणि हातांनी टेबल खाली दाबायला सांगा. आकडा उतरेल. पृथ्वी त्याला पूर्वीइतकंच ओढते आहे, त्याचं वजन काही घटलेलं नाही. पण त्याने टेबलाला खाली रेटलं, टेबलाने त्याला वर रेटलं आणि काट्याच्या वाट्याचा भार तेवढा कमी झाला. मग टेबलाच्या कडेखाली हात घालून ते वर उचलायचा प्रयत्न करू द्या, आकडा चढेल. पृथ्वीची ओढ तीच राहिली आणि काट्याचा रेटा बदलत गेला. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असती तर ही दोन बलं एका क्षणासाठीही असमान होऊ शकली नसती. वर निघालेल्या लिफ्टमध्ये सुरुवातीला पाय जड वाटतात, तेव्हाही हेच होतं : लिफ्टच्या तळाचा रेटा आपल्या वजनापेक्षा जास्त असतो.

उत्तरपत्रिकेत त्याने इतकंच लिहिलं असतं तरी पूर्ण गुण मिळाले असते : ‘पुस्तक टेबलाला खालच्या दिशेने रेटतं आणि टेबल पुस्तकाला तेवढ्याच बलाने वरच्या दिशेने रेटतं.’ बाईंना भेटाल तेव्हा गाइडचं ते पान सोबत न्या. वर्गातल्या आणखी किती मुलांनी तेच उत्तर उतरवलं आहे, हे त्यांना एव्हाना कळलं असेल. ते कुठून आलं हेही कळू द्या.